पातेल्यातली हिरवी कड

येळवस, वेळ अमावस्येची संध्याकाळ. उदगीर.

शेतातून आत्ताच आले. काल मडक्याला चीर पडली, म्हणून येळवशीची ताक-पिठाची अंबील मीच तांब्याच्या पातेल्यात आंबत ठेवली. त्याआधी ते आतूनबाहेरून चिंचेनं घासून लख्ख केलं होतं. उरलीसुरली कल्हई त्यातच गेली, हे माझ्या ध्यानातच नाही!

कल्हईवाले रहीमचाचा दरवर्षीसारखे शेतात जेवायला आलेले. पोरं पेले घेऊन बसली होती. चाचांनी पातेल्यात डोकावलं. आत काठाला हिरवी कड. दुसऱ्या क्षणी पातेलं आडवं!

"माफ करा, माझाच पाय लागला."

सासूबाई सगळ्यांदेखत लई बोलल्या त्यांना.

निघताना मला हळूच म्हणाले, "बेटा, अंबील कळकली होती. आंबटात तांबं उतरतं. पोरं उलट्यांनी बेजार झाली असती. पातेलं आणून दे, कल्हई करून देतो."

ती हिरवी कड मला कशी दिसली नाही? आणि बोलणी खाताना चाचांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एकदाही.

सासूबाई स्वयंपाकघरात अजून चाचांनाच बोलून राहिल्यात. उठते. खरं सांगते.