भाताचा परिच्छेद

बाई, परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला खोटं लिहून द्यायला सांगितलं आणि मी तिला दारातूनच परत पाठवलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे आणि खाली मोबाईलचं दुकान आहे. तरीही ज्या गोष्टीची मला किळस आली, ती न समजावता समजेल असं दुसरं माणूस मला आठवेना.

मुलगी बिद्रीकडची. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर. पदवीला ती माझ्याकडे होती आणि बुरशीच्या तासाला नाकाला रुमाल लावून बसायची. पुढं त्याच मुलीनं उसाच्या मुळांतल्या बुरशीवर पीएचडी केली, आणि चांगली केली. आता तिनं एका फेलोशिपला अर्ज केला आहे. पीएचडीनंतर दोन वर्षं परदेशातल्या प्रयोगशाळेत काम करायचं. आपला देश सोडूनच जायचं ही त्यातली अट, कारण त्या फेलोशिपचा हेतूच तो आहे: संशोधकानं जागा बदलावी, परक्या माणसांच्या हाताखाली नव्यानं शिकावं. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी तिचा शोधनिबंध वाचून तिला घ्यायची तयारी कळवली आहे. राहिली ती दोन शिफारसपत्रं, एक गाईडचं आणि एक आधीच्या शिक्षकाचं. पीएचडी झाल्यापासून ठरावीक वर्षांतच अर्ज करता येतो आणि तिची मुदत या खेपेला संपते. हे हुकलं तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला जागा आहे, आणि थोपवून ठेवलेले पाहुणे बघायला येणार आहेत. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या डब्यांवर 'योग्य' असा शिक्का मारायचा.

ती वडिलांना घेऊन आली. माझं शिफारसपत्र सोबत टाईप करूनच आणलं होतं. मी फक्त सही करायची. बाई, तुम्हाला हे सांगायला हवं, की आता पद्धतच अशी आहे. विद्यार्थी स्वतःची स्तुती स्वतःच लिहून आणतो आणि गुरुजन खाली सही ठोकतात. 'असामान्य', 'दुर्मीळ', 'माझ्या संपूर्ण कारकिर्दीत पाहिलेली सर्वांत बुद्धिमान' असली विशेषणं पानभर होती. तिला बुरशीचं लहानपणापासून वेड होतं असंही एक वाक्य होतं. मी विचारलं, "आणि रुमाल?" ती हसली नाही.

मग दुसऱ्या पानावर भात आला. पदवीच्या प्रकल्पात हिनं माझ्या हाताखाली भाताच्या मुळांवर काम केलं, असा सबंध परिच्छेद. मी म्हटलं, "भात कुठनं आला? तू माझ्याकडं असताना उसाशिवाय कशाला हात लावला नव्हतास." मग खाली बघतच तिनं सगळं सांगितलं. तिच्या गाईडनं नेहमीप्रमाणे सांगितलं होतं, माझ्या पत्राचा मसुदा तूच करून आण. हिनं एका सीनियरचं जुनं पत्र घेतलं, नाव बदललं, विषय बदलला. एक परिच्छेद बदलायचा राहिला. तो सीनियर भातावर काम करणारा. गाईडनं न वाचता सही केली, शिक्का मारला आणि स्वतःच्या संगणकाचा पासवर्ड हिलाच सांगितला. म्हणजे हिचं गुणगान हिनंच गाईडच्या नावानं तिकडच्या संकेतस्थळावर चढवलं. एकदा चढवलेलं पत्र काढता येत नाही. नंतर प्रत वाचताना हिला भात दिसला. गाईडकडं गेली तर ते म्हणाले, "वाचतंय कोण एवढं?" आणि लगेच तोडगाही काढून दिला: दुसऱ्या पत्रात भात घाला, म्हणजे दोन्ही पत्रं जुळतील.

त्या जुळण्यासाठी मी हवी होते.

वडील इतका वेळ खुर्चीच्या कडेला बसून होते. ते म्हणाले, "म्याडम, तेवढ्या दोन वळी ऱ्हाऊ द्या की. पोरीचं कल्याण हुईल. तितं कोण भात मोजाय यितंय?"

"तुमच्या काट्यावर एकाची उसाची गाडी दुसऱ्याच्या नावावर लावली तर?"

"न्हाय जमायचं. नोकरी जाईल की माझी."

"मग?"

"ऊस येगळा, कागूद येगळा, म्याडम."

"आण्णा, तुम्ही गप्प बसा," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि जरा चढ्या आवाजात म्हणाली, "सगळेच करतात, मॅडम. मी काम केलंय की नाही? ते खोटं आहे का? खरं लिहिलेल्या पत्रावर आपल्याकडनं कोण गेलंय? तुम्ही का गेला नाहीत?"

मी जे उत्तर आयुष्यभर देत आले तेच दिलं. "घरच्यांनी पाठवलं नाही." वडिलांनी समजूतदारपणे मान हलवली. त्या मान हलवण्याचीही मला शिसारी आली, आणि ती शिसारी त्यांच्याबद्दल नव्हती हे कळायला मला संध्याकाळ लागली. त्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

तुमची प्रयोगशाळा आठवते. लांब टेबल, काप रंगवायच्या सॅफ्रॅनिनचे लाल डाग पडलेलं लाकूड, आणि खिडकीपाशी तुम्ही. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. देठाचा काप घेतला आहे तो जाड आला आहे, सूक्ष्मदर्शकात नुसता काळा गोळा दिसतो आहे, आणि तास संपत आला आहे. मी पुस्तकातली आकृती आठवून वहीत काढते. सुंदर काढते. तुम्ही येता, आधी वही बघता, मग डोळा लावून बघता, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणता, "आकृती फार छान आहे. कुणाच्या कापाची?" मुलं हसतात. तुम्ही हसत नाही. "काळा गोळा दिसतोय ना? मग काळा गोळा काढ आणि खाली लिही, काप जाड आला." मी तो काळा गोळा काढला. त्या वहीला सगळ्यांत कमी गुण मिळाले आणि तुमच्याबद्दलचा राग मी वर्षभर पुरवला.

पुढं मी तुमच्याच हाताखाली पीएचडी केली आणि तशाच एका फेलोशिपला अर्ज केला. पत्र मागायला तुमच्या घरी आले. तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवलंत. एकीकडं आमटीला उकळी येत होती आणि तुम्ही टेबलावर कोरे कागद घेऊन मला दोन तास प्रश्न विचारत होता. कोणता प्रयोग फसला? का फसला? परत का केलास? तुला काय येत नाही? मी चिडून उत्तरं देत होते. तुम्ही तीन पानं हातानं लिहिलीत, पाकीट चिकटवलंत आणि म्हणालात, "टपालात टाक. उघडू नको." आणि मला जेवायला वाढलंत.

पाकीट मी चहाच्या वाफेवर उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून फाडलं. तुम्ही लिहिलं होतं: हिचे काप जाड येतात. हात घाईचा आहे. स्वभाव तापट आहे, बरोबरीच्या माणसांशी जमवून घ्यायला वेळ लागतो. पुढं काय होतं ते मी त्या दिवशी नीट वाचलंच नाही. पाकीट ट्रंकेत टाकलं आणि अर्ज पत्राविना तसाच कुजू दिला. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं, घरचे नको म्हणतात. तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत.

घरचे कधी नको म्हणाले? माझ्या वडिलांनी, दादांनी, जयसिंगपूरच्या शिंप्याकडं माझ्यासाठी लोकरी कोट शिवायला टाकला होता. तिकडं थंडी असते म्हणून आतून अस्तर लावायला सांगितलं होतं. तो कोट पुढं धाकट्या बहिणीनं वापरला. आणि मी प्रत्येक निरोपसमारंभात, प्रत्येक मुलाखतीत, त्याच दादांना मुलीची वाट अडवणारा बाप करून ठेवलं. लोक हळहळले. मी हळहळू दिलं. तो गाईड न वाचता सही करतो म्हणून माझं तोंड कडू झालं होतं. मी तर वाचून, समजून, इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी लावत आले.

संध्याकाळी ट्रंक काढली. पत्राचं तिसरं पान मी कधी धड पाहिलंच नव्हतं. त्यावर तुम्ही लिहिलं होतं: पण जे दिसलं नाही ते ही मुलगी काढत नाही. हे मी तिला शिकवलं आणि ती शिकली. इतर सगळं तुमच्याकडं शिकेल, म्हणून तिला पाठवते आहे.

काल ती एकटीच आली. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि कागद घेतला. "कोणता प्रयोग फसला ते सांग." तिला वाटलं मी टिंगल करते आहे. मग ती बोलायला लागली. एकदा तिच्या प्रयोगाच्या सगळ्या काचेच्या बशांमध्ये भलतीच बुरशी वाढली, गाईड म्हणाले टाकून दे, कुणाला सांगू नको. तिनं ती वहीत नोंदवली, आणि त्याच नोंदीतून पुढं तिचा मुख्य निष्कर्ष निघाला. हे तिनं आणलेल्या मसुद्यात कुठंच नव्हतं. मी म्हटलं, "अगं, हे सोडून भात लिहीत होतीस?"

पत्र मी लिहिलं. त्यात रुमालही आहे. इंग्रजी कच्चं आहे, बोलताना घाबरते, हेही आहे. भात नाही. तिला सांगितलं, फेलोशिपच्या कार्यालयाला तू स्वतः लिही, की पहिल्या पत्रातला तो परिच्छेद चुकीचा आहे आणि तो कसा आला.

"सर भडकतील, मॅडम. आणि तिकडचे अर्ज फेकूनच देतील."

"देतील कदाचित."

"मग?"

"मग फेकलेला अर्ज तरी तुझा असेल."

ती रडली. मी रडू दिलं, पाणी दिलं. ती लिहील की नाही, मला माहीत नाही. जाताना दारात थांबून तिनं पुन्हा विचारलं, "खरंच घरच्यांनी पाठवलं नाही का हो तुम्हाला?" मी आत जाऊन जावक वही घेऊन आले. निवृत्त झाले तरी ती सवय सुटलेली नाही. माझ्या हातून गेलेला कागद मी नोंदल्याशिवाय सोडत नाही. तिच्यासमोर लिहिलं आणि तिची सही घेतली. नोंद अशी आहे:

शिफारसपत्राची प्रत, दोन पानी, उघडी. आणि माझ्या बाईंच्या हस्ताक्षरातलं जुनं पत्र, तीन पानी, माझ्याच शिफारशीचं, पाकीट मी स्वतः फाडलेलं, टपालात न टाकलेलं. घरून परवानगी होती.