कुणाच्या नावानं रडू

९ फेब्रु., सोमवार
सगळ्यात आधी शालन आली. शेजारीण हाय, पर माझ्या दारात गाडी थांबली की गाडीवाल्याच्या आधी ही हजर. "काकू, पावणं आल्यात, पोहे टाका." जणू घर तिचंच. मागनं पावणं उतरलं. एक सर, कोल्हापूरच्या विद्यापीठातलं. एक पोरगी कर्नाटकातल्या विद्यापीठातली, मराठी बोलती पर हेल कानडी. जे कागदावर न्हाय, नुसतं माणसांच्या तोंडात हाय, ते दोन्ही विद्यापीठं मिळून जपून ठेवणार म्हणं. आणि त्यांना पायजे काय, तर माझं रडणं! आजूबाजूच्या गावांत मयत झालं की मला बोलवायचे. गेलेल्या माणसाचं सगळं बोलत बोलत गळा काढायचा, तसलं रडणं. मला हसूच आलं. कपाटातल्या कपबशा काढल्या. किती दिवसांनी...
पर रडले न्हाय. मयत नसताना घरात गळा काढत न्हाईत.
सर म्हणाले, "आज्जी, नुसतं करून दाखवा की."
म्हटलं, "कुणाच्या नावानं?"
दोघांनी पोहे खाल्ले, गेले.

१० फेब्रु.
शालन सकाळीच, "घालवलासा न्हवं पावणं?" खरं हाय. दिवसभर दार उघडं ठेवलं. आता मला कोण बोलवत न्हाय. दवाखान्यातनं गाडी थेट स्मशानात जाती, सुना रुमालात रडत्यात. आमचे हे गेले तवा मी एकटीच बोलून रडले, सूर धरायला दुसरी बाई न्हवती. माझ्या वक्ताला तर मी बी नसणार. पोरगा शिरोलीत फौंड्रीत कामाला, दिवाळीला अर्धा दिस आलता. माझं कोण काय बोलणार?
आमटी खारट झाली. कुत्र्यानं बी खाल्ली न्हाय.

१२ फेब्रु., गुरुवार
परत आले! पोरगी म्हणाली, "माझी अज्जी कोरोनात गेली. आम्हाला तोंड बी दाखवलं न्हाय. तिच्या नावानं रडता?"
मग काय. नाव विचारलं. गंगव्वा. काय करायची, कशाला चिडायची, सगळं विचारून घेतलं. पोरीला चिन्नी म्हणायची, केस विंचरताना चापट मारायची. मी पदर घेतला आणि सूर लावला. "चूल अजून निवली न्हाय गं गंगव्वा, आणि कुठं निघालीस? चिन्नीनं केस मोकळं सोडून कुणाच्या फुडं बसायचं?" पोरीनं आवाज भरून घ्यायचं मशीन सरांकडं दिलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पोटभर रडली.
तिकडं शालननं माझा आवाज ऐकून, आत न डोकावता, माझ्या पोराला फोन लावला, "घरात रडारड चाललीया, पळत ये," एवढंच बोलून ठेवला! आम्ही चहा घेतोय तवर पोरगा फौंड्रीच्या कपड्यांतच, फाटकापासनं "आई गं, आई गं" करत आला. मी कप घेऊन बसलेली.
"जित्ती हाईस व्हय! मग मेलं कोण?"
"कर्नाटकातली एक बाई."
सरांवर वराडला, शालनवर वराडला. मग दोन भाकरी खाल्ल्या, ऊन कलेपर्यंत बसला. "परत असलं सोंग नगं," म्हणून गेला.
शब्द एकच हुता त्याच्या रडण्यात. पर ऐकला मी. आपल्याच मयताचं रडणं कुणाला ऐकायला मिळतं?

१४ फेब्रु.
सरांचा फोन. दोन्हीकडच्या पोरी घेऊन येत्यात, शिकवा म्हणाले. मग चिन्नीनं फोन घेतला. "अज्जी, तुमचं बी सगळं मला सांगून ठेवा."
कशाला ते कळलं, माझ्या वक्ताला बोलून रडायला. शालन बाजूलाच, तिनं तोंडावर हात मारला, "अगं बाई, जित्त्या माणसाला असं इचारत्यात व्हय?" मला मात्र लई बरं वाटलं. दुपारभर आठवत बसले, काय काय सांगू. ताक आंबट लागतं. बैलाला भ्याते. ह्यांच्याशी बारा दिस बोलले न्हवते एकदा, कशावरनं ते...
पोराला फोन केला, पोरी यायच्या दिवशी तू बी ये म्हटलं. सुट्टी बघतो म्हणाला.
पोरी येणार: सोमवार, २३ फेब्रु., सकाळी दहाला.