चार डहाळ्या

प्रिय टिटव्या,

तू आंघोळीला गेला आहेस, तेवढ्यात लिहायला बसले आहे. एकाच घरात राहून आई पत्र लिहिते म्हणजे म्हातारीला चळ लागला, असं म्हणशील. म्हण बापडा. तीन दिवस झाले, तू जेवायला बसलास की सांगेन म्हणते आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारते.

सोमवारी तुला उद्यानाच्या ऑफिसात बोलावलंय. बुलबुलाचं घरटं उघडं पडलं, कावळ्याने पिल्लं नेली, आणि पक्षी दाखवायला माणसं नेणारा तू, म्हणून फोटोसाठी आडोसा तूच काढलास असं साहेबांना वाटतं. परवाना गेला तर तू काय करशील, हाच विचार डोक्यात असतो. काल चहा दोनदा उतू गेला. तू मात्र दुर्बीण पुसत बसतोस.

खरं सांगू, तुझ्या गटाबरोबर उद्यानात आले त्या सकाळी मी फार सुखात होते रे. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर मान मोडली, वसंत कधी आला नि गेला ते खिडकीतूनसुद्धा पाहिलं नाही. तू माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवलास आणि सगळ्यांना म्हणालास की आमच्या मातोश्रींना उडणारं काही दिसत नाही, त्यांना फुलांकडे सोडा. सगळे हसले, मीही हसले. घरट्याभोवतीची पानं हीच पिल्लांची छत्री, हे तू तेव्हा बजावून सांगितलंस म्हणे. मी तुझी कॉलर नीट बसली आहे का ते बघत होते.

तुम्ही तळ्याकडे गेलात. मी उतारावर निळ्या रानफुलांपाशी गुडघे टेकून बसले होते. मान वर केली तर झुडपात तीन चोची आ वासलेल्या. तुझ्याआधी मला दिसल्या होत्या! तुझ्या वाढदिवसाला फोटो चौकटीत घालून द्यायचा, असं तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तू गटातल्या एकेकाला फोन करून विचारलंस. मला विचारलं नाहीस. डहाळ्यांवरचे काप सफाईदार आहेत, सराईत हात आहे, असं साहेब म्हणाले, तेव्हा तू म्हणालास, “घरच्यांचं नाव काढू नका. माझी आई फूलसुद्धा तोडत नाही.” मी शेजारीच उभी होते.

डहाळ्या मी कापल्या. चारच होत्या, फोटोत आडव्या येत होत्या. लोंबता दोरा दिसला की आधी माझी पिशवीतली कात्री चालते, मग डोकं. फोटो पुसून टाकावा म्हणून दोनदा कॅमेरा हातात घेतला, पण पुसला नाही. सोमवारी तो घेऊन मी तुझ्याबरोबर येणार आहे, अडवू नकोस. साहेबांची मला भीती नाही. हे वाचून तू बाहेर येशील आणि माझ्याकडे बघशील, त्याची वाटते. मी स्वयंपाकघरातच आहे.

तुझीच,
आई