नडगीतले सात सेंटिमीटर

४ ऑक्टोबर
झालं एकदाचं ऑपरेशन! पाच तास लागले. क्रेनच्या शिडीवरून पडल्यावर नवऱ्याच्या नडगीचं सडलेलं हाड आधीच काढलं होतं — सात सेंटिमीटरची पोकळी. आज ती भरली. डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं: त्याच्याच कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा घेतली, यंत्रात फिरवून त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या केल्या, हाडपेढीतून आणलेल्या हाडाच्या चुऱ्यात कालवून आत ठासल्या. बाहेरून पायाला लोखंडी कड्या.
"आम्ही फक्त परांची बांधली. भिंत त्याच्या शरीराने बांधायची."
मग मला बाजूला घेऊन — "सिगारेट बंद. एकसुद्धा नाही. नव्या हाडाला रक्त लागतं, धूर नेमकं तेच तोडतो."
"आणि हाड नाहीच आलं तर?"
"पाय काढावा लागेल."

१९ ऑक्टोबर
घरी आणलं. कड्यांच्या पिना रोज मीच पुसते. सासूबाई दारातून — "बाई गं, मला नाही बघवत!" आणि तिथेच उभ्या.

२ नोव्हेंबर
सकाळी उठल्यापासून आदळआपट. चहा गार, उशी उंच, मी बहिरी! मग एकदम गयावया — "एकच आण गं. डोकं फिरायची वेळ आलीये." बावीस वर्षांत याला असा पाहिला नव्हता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासते मी; घरी येताना टपरीवरून एक सुटी सिगारेट घेतली. खिडकीत बसून ओढली त्याने. मग शांत झोपला.

३ नोव्हेंबर
आजही आणली.

१० जानेवारी
तीन महिन्यांनंतरची एक्स-रे फिल्म. पोकळी जशीच्या तशी काळी. डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या. "पेशी चांगल्या होत्या. माझंच कुठे चुकलं, कळत नाही… सिगारेट?"
"छे!" — आम्ही दोघं एकदम.
दीड महिना आणखी थांबायचं. नाहीतर पाय काढायचा.

११ जानेवारी
आणायची नाही असं ठरवलं होतं. आणली! त्याने नुसतं पाहिलं आणि मी पर्समधून काढून दिली. 'नाही' म्हणायला जीभच उचलत नाही माझी. "ठेव इथे. ओढीन मग. तू जा, आई हाक मारतेय."

३० जानेवारी
फारच चिडतो हल्ली. सासूबाईंवर ओरडला, मग माफी मागितली — याने! सिगारेट मात्र रोज घेतो. मी आत गेल्याशिवाय पेटवत नाही. लाजत असेल.

२१ फेब्रुवारी
धुकं! आजच्या फिल्मवर पोकळीत पांढरं धुकं! "हे नवं हाड. दोन्ही टोकांकडून येतंय." डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. उद्यापासून पायावर थोडा थोडा भार द्यायचा.
इथे खोटं कशाला लिहू? हायसं वाटलं, आणि मनात आलं — म्हणजे एका सिगारेटने काही होत नाही तर! उगाच जिवाला घोर लावून घेतला.

२२ फेब्रुवारी
पायावर भार द्यायचा म्हणून कॉटखालून त्याचा डावा बूट काढला, अपघातापासून न घातलेला. आत सिगारेटी. मोजल्या — बेचाळीस. त्या काळ्या फिल्मनंतर आणलेली एकूण एक. एकही पेटवलेली नाही.
"मग घेत कशाला होतास रे?"
"नको म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं, पाय तूच घालवलास."