मणिबेलीच्या खांबाचा दिवा

१८ जानेवारी, शनिवार

खांब आला! जामसिंगने तळोद्याहून जीपच्या टपावर बांधून पाठवला. ड्रायव्हर वैतागलेला — "भाऊ, वाटेत सगळे विचारत होते, कोण गेलं म्हणून."

साग आहे. एका अंगाला चुलीच्या धुराचा काळा थर, नखाने निघत नाही. मणिबेलीत धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा जामसिंगने घर उसवून नावेतून आणलं. त्याच नावेतून मी बातम्यांसाठी हिंडायचो, तेव्हापासूनची दोस्ती. वासे, फळ्या या ना त्या कामात संपल्या. घराच्या मधोमधचा हा खांब तेवढा माळ्यावर राहिला. त्याच्या वडिलांनी, दिवाल्याआबांनी, स्वतः झाड निवडून उभा केलेला.

आता जामसिंगच्या मुलीने, निशाने, तळोद्यात घर बांधलंय. नर्सच्या नोकरीवर, स्वतःच्या हिमतीवर. जामसिंगला हा खांब त्या घरात हवा. पण स्लॅबच्या घरात लाकडी खांब उभा कुठे करणार? मीच बोलून बसलो — मला दे, लेथवर कातून उंच उभा दिवा करतो, कोपऱ्यात शोभेल. माझ्याकडून निशाला भेट.

घरभरणी नऊ फेब्रुवारीला. आयुष्यभर संध्याकाळच्या आत बातमी पोचवली. दिवाही पोचेल.

२० जानेवारी

दोन्ही टोकांना खाचा, गंजके खिळे, वाळवीचे वण. आधी दोन्ही टोकं करवतीने उडवली. मजकूर हातात आला की पाल्हाळ आधी छाटायचा — जुनी सवय. आत लाकूड खणखणीत! भुशाला नव्या चामड्यासारखा वास.

माझा लेथ आखूड. दांड्याचे दोन तुकडे करून कातायचे आणि मध्ये सांधा.

२१ जानेवारी

मिरचीचा हंगाम. अख्खं नंदुरबार शिंकतंय. पटाशी लाकडाला लावलेली असताना शिंक आली तर मागे सरायचं — आज शिकलो.

२४ जानेवारी

दिवसभर कातकाम. खांबाच्या एका टोकाकडे मोठी गाठ निघाली, जिथे कधीतरी फांदी होती. गाठीवर पटाशी उडते, तिथे बारीक कातणं धोक्याचं. म्हणून ते टोक खाली घेतलं. तळाशी जाड घेर राहतो, गाठ त्यात निवांत बसते. वरचं टोक मात्र सरळ रेषांचं, ते बारीक करत नेलं. मस्त जमलंय. उगाच नम्र कशाला व्हायचं, इथे कोण वाचतंय!

माझी बायको, शीला, जेवताना म्हणाली, "पेपरमा व्हतात तवय घर तरी साफ ऱ्हाये. आते भाजीमाबी भुसा शे!"

भाजीत खरंच होता.

३० जानेवारी

सांधा बसला. सरस लावून वर आडवी खुंटीही मारली. आता बैलाने ओढला तरी सुटणार नाही. वायरीचं भोक आरपार. तळाला शिसवाची जाड गोल चकती बोल्टने आवळली. या चकतीवर सगळ्यात जास्त मेहनत गेली, कड तर आरशासारखी झालीय.

खिडक्या बंद करून पॉलिश. नाहीतर मिरचीची धूळ बसते.

रात्रीच्या जेवणाआधी शीलाला दाखवला. ती चारी बाजूंनी फिरली. "इतकं चांगलं करं, आनि कोपरामा ठेवतीन?"

कौतुकच समजलो.

३ फेब्रुवारी

जामसिंगचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "भाऊ, आबा विचारताहेत, बुडखा खालीच ठेवला ना?"

"म्हणजे?"

"झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करतो आम्ही. मूळ खाली, शेंडा वर. डोक्यावर उभा केलेला खांब आबा घरात घेणार नाहीत."

बघून सांगतो म्हणालो.

बघितलं. फांदी खोडातून निघते ती वर झुकून. माझ्या दिव्यात गाठीच्या रेषा जमिनीकडे झुकल्यात. आणि फांदी शेंड्याकडेच असायची, बुडाशी नाही. कोणतं टोक वर होतं, हे खाचा बघून लगेच कळलं असतं. त्या मी पहिल्याच दिवशी उडवल्या.

दिवा डोक्यावर उभा आहे.

४ फेब्रुवारी

पुन्हा कातायला लाकूड उरलेलं नाही. तुकडे उलटे जोडावेत तर बारीक टोक खाली येतं, जाड वर. कोणी हात लावला की कोसळेल.

गप्प बसता येईल. पॉलिशखाली रेषा कोण बघतो? पण बातमीत चूक गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, त्यावर मी कधी वाद घातला नाही. फोन लावला. सरळ सांगितलं.

जामसिंगने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुसरा खांब नाही भाऊ."

"माहीत आहे."

"घेऊन या. आबा काय म्हणतात बघू."

रागावला असता तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

शीलाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग तुम्हीन कसाले इचारं नही?"

खरंच. लोकांना प्रश्न विचारण्यातच हयात गेली. हा एक राहिला.

८ फेब्रुवारी

दिवा गोधडीत गुंडाळला. काम उत्तम झालंय, हे मी आजही म्हणेन. उद्या आबांनी दाराबाहेर ठेवला तरी म्हणेन.

९ फेब्रुवारी, दुपार. तळोदा

दिवा पुढच्या खोलीत ठेवलाय. पाहुणे कौतुक करतात, मी आबांकडे बघतो. आबांना हल्ली कमी दिसतं. ते दिव्याशी उकिडवे बसले, तळापासून वरपर्यंत हात फिरवला, गाठीवर आले तिथे थांबले. मग त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. जामसिंगने सांगितलं, "आबा म्हणतात, हात बरा आहे."

आणि?

"आणि पाना मागताहेत. खालची चकती काढायचीय."

निशा हळूच मला म्हणाली, "काका, आबांना आज कोणी अडवू नका."

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

आबांनी दिवा पालथा करून पंख्याच्या हुकाला टांगायला लावला. बोल्टच्या जागी कडी बसली. सांध्यातल्या खुंटीने वजन पेललं. शेंडा वर, बुडखा खाली, त्यातून उजेड. निशाचा पंखा पलंगावर पडून आहे. "उन्हाळ्यात बघू," म्हणाली.

खांब पुन्हा घराच्या मधोमध आहे. सगळे त्याच्याभोवती जेवायला बसलेत.

माझी शिसवी चकती आबांनी पाट म्हणून घेतली.