बाबांनी एका दमात केलेला माझा उद्धार

ती. आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा. दमा काय म्हणतोय? इथे बाबा सोडून सगळे मजेत आहेत, आणि बाबांचं चिडलेलं असणं हीच या पत्रातली अभिमानाची बातमी आहे.

मी आरोग्य केंद्रात लागल्यापासून (आईने माझी पदवी फ्रिजच्या वर टांगली आहे, म्हणजे फ्रिजमधून दूध काढणाऱ्यालाही दिसावी) करोनाची सुधारित लस घ्या म्हणून बाबांच्या मागे लागले होते. विषाणू रूप बदलतो म्हणून लसही बदलतात, हे मी त्यांना रोज जेवताना सांगायचे. शेवटी निवांत जेवता यावं म्हणून त्यांनी दंड पुढे केला. दोन महिन्यांनी त्यांना करोना झाला.

मग काय विचारतेस. भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस तो. खोलीच्या खिडकीतून अख्ख्या गल्लीला ऐकवायला लागले: हिला शिकवलं, हिने मला टोचलं आणि वर मीच खोकतोय. मी दाराबाहेर सूप घेऊन उभी. आधी लाज वाटली, मग कान टवकारले. माझा जन्म, माझं कॉलेज, माझा चष्मा, सगळ्याचा उद्धार त्यांनी मध्ये श्वास न घेता केला. आई म्हणाली, "रडतेस कशाला?" म्हटलं, "अगं ऐक ना, किती लांब बोलतायत."

तुला आठवतं, लस निघायच्या आधी ते आजारी पडले तेव्हा तू रुग्णालयात फोन केला होतास. "अक्का" एवढंच म्हणाले, पुढचं "कशी आहेस" काही येईना. या वेळी रुग्णालयाचं तोंडही पाहिलं नाही.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी शिकले आहे. आधीच्या आजारानेही थोडं बळ दिलं असेल. पण पुष्कळ लोकांवरून दिसतं ते असं: नव्या लशीने लागण हमखास टळत नाही, काही महिन्यांनी तिचा जोरही ओसरतो, पण आजार रुग्णालयापर्यंत जाण्याचा धोका कमी होतो. चोर ओट्यावरून चपला नेतो, कपाटापर्यंत सहसा पोचत नाही. (बाबा म्हणाले, "मग चपला कोण भरून देणार?")

तेव्हा "तो घेऊनही पडला, मग मी कशाला घेऊ" हे तुझं म्हणणं मला मान्य नाही. डॉक्टरांना तुझ्या दम्याचं सांगितलंय, लस चालेल म्हणाले. हट्ट समज.

गल्लीभर नाव झालेली,
तुझी भाची

ता. क. हट्ट माझा नाही. काल बाबा स्वतः केंद्रात आले आणि म्हणाले, "अक्काचं नाव घाल. रविवारी मी तिला आणतो. पण मी सांगितलं असं लिहू नकोस, तुझंच खूळ म्हण."

ता. क. २ मी कारण विचारलं. पायात चपला सरकवत म्हणाले, "जन्मभर ती मला एका दमात झापत आली. हल्ली फोनवर मध्ये दोनदा थांबते. मला ते चालत नाही."