गृहपाठ : चॅपलचे पंखे

२४ ऑगस्ट, सोमवार

स्टोअररूम आवरताना शाळेच्या गेल्या वर्षीच्या डायऱ्यांचा खोका सापडला. सगळ्या कोऱ्या. एक ठेवून घेतली. छापलेले वार चुकतात, तेवढे खोडून घेतो. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी आहेत, 'गृहपाठ' आणि 'पालकांची सही'. सहीचं जमणार नाही, पालक फार लांब. गृहपाठ लिहीत जाईन.

मोठ्या माणसांकडे डायरी असते. आमच्या प्रिन्सिपॉल फादरांकडे चामड्याची आहे. आजपासून माझ्याकडेही आहे, पुठ्ठ्याची.

नव्या टर्मचे निश्चय : लवकर उठणे. रोज एक इंग्रजी शब्द. सुतारकाकांना उलट उत्तर न देणे.

सुतारकाका म्हणजे इथल्या दुरुस्ती खात्याचे प्रमुख. खात्यात आम्ही दोघंच, ते आणि मी. ते मला साहेब म्हणतात. माणूस ओळखतात. आज म्हणाले, साहेब, पुढच्या सोमवारी शाळा भरतेय, त्या शुक्रवारी चॅपलमध्ये टर्मची पहिली प्रार्थना, तर त्याआधी ते पंखे तेवढे पुसा, नाहीतर त्या जळमटांत पाखरं संसार मांडतील. मी म्हटलं, झालंच समजा.

गृहपाठ : चॅपलचे पंखे.


२५ ऑगस्ट, मंगळवार

उठायला उशीर. पण नवी टर्म अजून सुरू कुठे झालीये? निश्चय टर्मचे आहेत.

पंखे राहिले. शिडी रंगाऱ्याकडे होती. दुपारी मोकळी झाली, पण तोवर मूड गेला. उंचावरचं काम मूड नसताना करू नये, अपघात होतात.

आजचा शब्द : ऑथॉरिटी.

आईचा फोन आला. इथे एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. मी इकडे आलो तेव्हा आईने सगळ्यांना सांगितलं, पोरगा शाळेत लागला. ते खरंच आहे. मग मोठ्या मामीने विचारलं, काय शिकवतो? आईने फोन स्पीकरवर टाकला. मीच फोनवरून म्हटलं, सगळंच थोडं थोडं. हेही खोटं नाही. पहिलीच्या पोरांना नळ नीट बंद करायला, बाथरूमची कडी आतून काढायला कोण शिकवतं? सायन्सचे सर येतात का? तेव्हापासून मामी मला मास्तर म्हणते. मोठ्यांना मध्येच तोडू नये म्हणून मी बोललो नाही.

आता झालंय असं, की धाकटीने, म्हणजे माझ्या बहिणीने, मोबाइलवर शाळेचं पान बघितलं. यंदा प्रार्थना लाइव्ह दाखवणार, लांबच्या पालकांसाठी. आई म्हणाली, मामीला बोलावलंय, शेजारच्या दोघीतिघी येतायत, तू दिसशील ना रे? मी म्हटलं, दिसेन म्हणजे? पुढेच असणार. धाकटी मागून ओरडली, पुढे म्हणजे झाडू घेऊन का? फार शेफारलीये.

गृहपाठ : पंखे.


२७ ऑगस्ट, गुरुवार

फादरांनी सगळ्यांची मीटिंग घेतली. मी शेवटून पहिला बसलो, तिथून सगळं दिसतं.

या शाळेची एक पद्धत आहे. टर्मच्या पहिल्या प्रार्थनेत फादर एकेक काम पुकारतात. शिकवणारे उभे राहतात, त्यांच्यासाठी प्रार्थना. मग ऑफिसवाले, मग स्वयंपाकघर, मग बसवाले, आणि सगळ्यात शेवटी दुरुस्ती. गेल्या वर्षी आमचा नंबर येईपर्यंत निम्मी पोरं पेंगली होती आणि काकांचा गुडघा धरला होता.

प्लॅन असा. बाक आणि खुर्च्या कोण लावतं? मी. म्हणजे ऑथॉरिटी माझी. टीचर्सच्या ओळीत कडेला एक खुर्ची जास्त. शिकवणारे पुकारले की उठायचं, मान खाली, गंभीर चेहरा. घरी सगळे बघणार. दुरुस्ती पुकारली की बसून राहायचं. दोनदा उठलो तर हावरटपणा दिसेल.

खुर्ची लावून आलो. काकांनी विचारलं, ही कुणाची? म्हटलं, पाहुण्यांची. काका म्हणाले, पाहुण्यांचा एक पाय आखूड आहे का, खुर्ची लंगडतेय. पायाखाली पुठ्ठा दिला. डायरीचाच, मागचा.

पंख्यांना आज वेळच नव्हता.


२९ ऑगस्ट, शनिवार

बसच्या ड्रायव्हरकडून कोट आणला. त्याच्या लग्नातला. बाह्या पंज्यापर्यंत येतात, पण हात मागे बांधले की कळत नाही. मोठे लोक हात मागेच बांधतात. ड्रायव्हर म्हणाला, मी हा घातला तेव्हाही फसलो होतो, बघ बाबा. बायकोला सांभाळतात तसा कोटही नीट सांभाळ, असंही म्हणाला. त्याची बायको मागेच उभी होती, तिने त्याच्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही.

खिशाजवळ कसलासा डाग आहे. धुवायला लागेल.

पंख्यांचा आज शांत बसून विचार केला. प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात. बाकी वेळ समोर बघतात. छताकडे कोण बघतं? जे काम कुणी बघणार नाही ते करण्यात वेळ घालवणं म्हणजे शाळेचंच नुकसान.

तरी, गृहपाठ : पंखे.


३१ ऑगस्ट, सोमवार

शाळा भरली!

लवकर उठलो. (काकांनी दार वाजवलं, पण उठलो मीच.) फाटक उघडलं, घंटा दिली. काय गर्दी, काय रडारड. पोरांपेक्षा आया जास्त.

एक टायवाले गृहस्थ माझ्याकडे आले आणि म्हणाले, सर, पहिलीचा वर्ग कुठे? सर! मी कोटात नसताना! म्हणजे चेहऱ्यातच काहीतरी असणार. मी हात मागे बांधून रस्ता सांगितला. ते पुढे म्हणाले, तेवढी ही बॅग आणि पाण्याचा कॅन घेता का. घेतला. सरांनी मदत करू नये असं कुठे आहे?

पहिलीतली एक चिमुरडी फाटक सोडेना. टीचर, आई, ऑफिसवाल्या बाई, सगळ्या थकल्या. मी तिला नळावर नेलं, म्हटलं, हा उजवा नळ फार रागीट आहे, हळू फिरव, नाहीतर अंगावर थुंकतो. तिने फिरवला, तो थुंकला, आणि ती इतकी हसली की थेट वर्गात जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं. मग सगळा वर्गच भिजून आला. टीचर माझ्यावर चिडल्या. मला शिकवण्याची हातोटी आहे, हे त्यांना बघवलं नाही.

तो नळ दुरुस्त करायचा होता मे महिन्यापासून. बरं झालं केला नाही.


२ सप्टेंबर, बुधवार

आज थोडं तांत्रिक झालं.

कोट धुतला. वाळत घालायला जागा नाही, दोरीवर गायनवाल्या पोरांचे पांढरे झगे. कॉम्प्युटरच्या सरांनी प्रार्थनेच्या लाइव्हसाठी मोबाइलचा तीन पायांचा स्टँड आणून चॅपलमध्ये उभा करून ठेवलाय. रिकामाच होता. उंची बरोबर कोटाची. घातला वाळत.

ओला कोट इतका जड असतो हे शाळेत शिकवायला पाहिजे.

एका पायाची पकड सुटली. स्टँड मुळातच हलका होता, कधीतरी होणारच होतं, उलट आधी झालं ते बरं. काळी टेप गुंडाळली. लांबून ओळखूही येत नाही. मी हात लावून बघितला, घट्ट आहे. म्हणजे मोबाइल ठेवला नाही तर एकदम घट्ट.

काकांनी शिडी चॅपलच्या दारात आणून ठेवलीये. नुसती ठेवलीये. हे असं वागणं मला पटत नाही.

आजचा शब्द मागचाच : ऑथॉरिटी. अजून पक्का होतोय.


४ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी

आज! कोट वाळला, बराचसा. केस बसवले. आईचा फोन होऊन गेला, सगळ्या येऊन बसल्यात. मामीने विचारलं, मास्तर कुठल्या बाजूला? म्हटलं, डावीकडे, कडेला. आई म्हणाली, माझी नजर कमी झालीये, जरा मान वर ठेव. मग म्हणाली, किती दिवस झाले रे तुला बघून.

पंखे राहिले. पण आता शिडी लावली तर कोट मळेल.


४ सप्टेंबर, दुपारी

झालं.

मी खुर्चीत बसलो होतो. हात मागे बांधून बसता येत नाही, म्हणून मांडीखाली. घंटा झाली, पोरं आत आली, आणि सगळ्यांसमोर स्टँडने पाय दुमडला. अगदी हळू, म्हातारं माणूस बसतं तसा. कॉम्प्युटरच्या सरांनी मोबाइल झेलला. इकडेतिकडे बघत कुजबुजले, कुणाचा हात स्थिर आहे? मी खाली बघितलं. काका मागून म्हणाले, आमच्या साहेबांचा. पुढेच बसलेत, कोटबिट घालून.

तर मी मधल्या वाटेकडे, तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसलेलो, मोबाइल धरून. कॅमेरा धरणारा माणूस कॅमेऱ्यात येत नाही. हे माझ्या डोक्यात यायला दोन गाणी लागली.

फादरांनी शिकवणारे पुकारले. सगळे टीचर उठले. माझी खुर्ची रिकामी, साफ दिसत होती. मी स्वतःच ती दाखवत होतो. आई तिकडे डोळे बारीक करून कडेला शोधत असणार. मोबाइल आपल्याकडे वळवावा असं एकदा मनात आलं. पण सगळ्या टीचर दिसत होत्या, कुणाकुणाची आई बघत असेल. नाही वळवला. कोटाची बाही सारखी मध्ये येत होती, ती दातांनी मागे ओढली.

ऑफिस झालं, स्वयंपाकघर झालं, बसवाले झाले. हात बधिर. मग दुरुस्ती. काका उठले, गुडघा कटकन वाजला. मी बसलेलोच. ठरलं होतं तसं.

फादर थांबले. म्हणाले, दोघं आहेत ना? सगळं चॅपल वळून माझ्याकडे. पहिलीच्या बाकावरून ती चिमुरडी मोठ्याने म्हणाली, नळवाले सर, उठा!

उठलो. काय करणार. मान खाली, डोळे मिटले. फादर म्हणाले, हे फाटक उघडतात म्हणून आपण आत येतो. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, मी तेवढंच वाक्य पाठ करत होतो. प्रार्थना लांबली. छान वाटत होतं.

आमेन म्हणून डोळे उघडले, तर हात जोडलेले, आणि मोबाइल दोन तळव्यांच्या मध्ये आडवा. कॅमेऱ्याचं तोंड वर.

थेट छताकडे.


५ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून ऑफिसला पालकांचे फोन. प्रार्थना सुंदर झाली म्हणतात, पण पंख्यावर काय लोंबत होतं? एका आजोबांना वाटलं, मुद्दाम दाखवलं, माणूस माती आहे वगैरे. फादरांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, पंधरा वर्षं मी त्या पंख्याखाली उभा राहतोय, कधी वर बघितलं नव्हतं. आणि स्टँडचा विषय निघाला. मी टेपचं सांगितलं. कोटाचंही. म्हणाले, तो नळही बघून घे.

मग आईचा फोन. मी आधीच म्हटलं, आई, अगं, तांत्रिक अडचण.

ती हसत होती. म्हणाली, इतका वेळ मी कडेला शोधतेय, शोधतेय, तू कुठेच नाही. जीव नुसता वरखाली. मग एकदम सगळं हललं, आणि आला पंखा. ही एवढी जळमटं! मी म्हटलं, हा माझाच पोरगा. दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. मामी विचारत बसली, मास्तर कुठायत, मास्तर कुठायत. तिला म्हटलं, अगं, ज्याने धरलंय ना, तो.

मी म्हटलं, आई, मी तिथे शिकवत...

म्हणाली, गप रे. वह्या फाडून विमानं करणारा तू, तू काय शिकवणार? शाळेत लागला एवढंच मी सांगते लोकांना, पुढचं शेपूट तूच लावलंस. फादर फाटकाचं बोलले ते ऐकलं आम्ही सगळ्यांनी. आवाज छान येत होता. आता ते पंखे पूस. लोकांची लेकरं बसतात त्याखाली.

धाकटी मागून ओरडली, पंखेवाले सर! शेफारलीये.

शिडी लावली. काकांनी खालून धरली. म्हणाले, चढा, साहेब. यातला टोमणा मला आज कळला, पण आधीचे असे नसणार. जळमटांत खरंच एक घरटं निघालं, रिकामं. वरून खाली बघितलं तर टीचर्सच्या ओळीत कडेला माझी खुर्ची अजून तिथेच. पुठ्ठ्यासकट. काकांनी तिच्यावर बादली ठेवली होती.

एक मात्र आहे. चित्र बाकी एकदम स्थिर होतं, असं कॉम्प्युटरचे सरही म्हणाले. पुढच्या टर्मला मलाच द्या म्हणून सांगणार आहे.

कोट ड्रायव्हरला परत केला. बाहीवर दातांचे वण आहेत. त्याच्या बायकोने मला काही विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं.

गृहपाठ : एक पंखा झाला. बाकीचे उद्या.

पालकांची सही : फोनवर झाली.